'एक अँपिअर' म्हणजे नेमका कुठल्या तारेवर?

मॉडेल रेल्वेच्या कंट्रोलरच्या (रुळांना वीज देऊन गाडीचा वेग आणि दिशा सांभाळणाऱ्या डब्याच्या) खोक्यावर इंजिनाचा झकास रंगीत फोटो असतो. 'सर्व इंजिनांसाठी योग्य' असं ठळक अक्षरात असतं. वयोमर्यादा असते, चार भाषांत इशारे असतात. नसतं ते फक्त जे हवं ते: आउटपुट एसी की डीसी, लोड दिल्यावर व्होल्टेज किती उरतं, सलग किती अँपिअर मिळतात आणि शॉर्ट झाल्यावर पुरवठा किती वेळात तुटतो. चार आकडे छापायला कितीशी शाई लागते?

त्यातून छापलेच तर असे छापतात की न छापलेले परवडले. 'ट्रॅक १ अँपिअर, ॲक्सेसरी १ अँपिअर.' ॲक्सेसरी म्हणजे दिवे, सांधे वगैरे. वाचणाऱ्याला वाटतं, एकूण दोन मिळाले. आत ट्रान्सफॉर्मर असतो १६ व्हीएचा, म्हणजे १६ व्होल्टला सगळं मिळून १ अँपिअर. त्याच्या ॲक्सेसरी टर्मिनलवर प्रत्येकी ५० मिलिअँपिअरचे बारा बल्ब लावले की ०.६ अँपिअर तिथेच संपला. उरलेल्या ०.४ मध्ये एचओचं (१:८७ मापाचं) एखादं नवं इंजिन चालेल, कारण ते साधारण ०.२ ते ०.५ अँपिअर घेतं. जुन्या मोटरचं इंजिन एकटंच १ अँपिअर मागतं. मग गाडी चढावर दम टाकते आणि लोक इंजिन उघडून तेल घालत बसतात. इंजिनाचा काय दोष?

व्होल्टेजचीही तीच रड. ट्रान्सफॉर्मरवाला, रेग्युलेशन नसलेला '१२ व्होल्ट'चा अडॅप्टर रिकामा मोजला तर १६-१७ व्होल्ट दाखवतो. छापलेला आकडा पूर्ण लोडवरचा असतो, पण हे सांगायचं कष्ट कोण घेणार? आणि ते १६ व्होल्ट एसीचं टर्मिनल! ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर लावून त्याचं डीसी केलं की १६ होत नाहीत. १६ गुणिले १.४१ म्हणजे २२.६, त्यातून दोन डायोडचे मिळून १.४ वजा, म्हणजे २१ व्होल्टच्या आसपास. तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर बसवला की तो फुगून फुटणार आणि १२ व्होल्टची एलईडी पट्टी जळणार. टर्मिनलशेजारी एक ओळ छापली असती तर दोन्ही वाचलं असतं.

आता सल्लागार मंडळी. एक गट म्हणतो, 'जास्त अँपिअरचा अडॅप्टर लावू नको, मोटर जळेल.' अरे, मोटर तिला लागेल तेवढाच करंट ओढते! तिला जाळतं ते जास्त व्होल्टेज. लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर १२ व्होल्टच्या कंट्रोलरला जोडलात आणि नॉब शेवटपर्यंत फिरवलात, तर ते १९ व्होल्ट जवळपास जसेच्या तसे मोटरवर जातात. दुसरा गट त्याहून धन्य. म्हणे, 'सरळ १० अँपिअरचा घे, कधी कमी पडणार नाही.' गाडी रुळावरून घसरून चाक दोन्ही रुळांना टेकलं, की कमी पडणार नाहीच! १० सोडा, ५ अँपिअर वाहिले तरी १५ व्होल्ट गुणिले ५ म्हणजे ७५ वॅट एका इवल्याशा चाकात. चाकाखालचं प्लास्टिक वितळायला काही सेकंद पुरतात. घरगुती एचओ लेआउटला ३ अँपिअर भरपूर झाले, एन गेजला (१:१६० मापाच्या, आणखी लहान गाड्यांना) त्याहून कमीत भागतं. जास्त हवाच असेल तर लेआउटचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक ब्रेकर द्या.

ब्रेकर आहे म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही ती वेगळीच. पातळ तार, सैल झालेले काळपट रूळ-जॉइनर आणि निकेल सिल्व्हरचा रूळ (ज्याचा रोध तांब्याच्या कितीतरी पट असतो) असं सगळं मिळून लांबच्या टोकाला ४ ओहम भरला, तर शॉर्टमध्येही १५ भागिले ४, म्हणजे पावणेचार अँपिअरच वाहतात. ५ अँपिअरच्या बूस्टरला (रुळांना वीज पुरवणाऱ्या युनिटला) वाटतं, छान, गाड्या धावताहेत. तो ट्रिप होतच नाही आणि जॉइनर तापत राहतात. म्हणून मुख्य तार १.५ ते २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या, साधारण दर मीटरला ०.५ चौरस मिलिमीटरचा आखूड फीडर (मुख्य तारेपासून रुळापर्यंतची जोडतार) रुळाला डाखा आणि मग प्रत्येक भागात, विशेषतः सर्वांत लांबच्या टोकाला, दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवून बघा. पुरवठा ताबडतोब तुटला पाहिजे. नाही तुटला तर फीडर वाढवा. बूस्टर मोठा आणणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

स्वस्त पीडब्ल्यूएम (वीज भराभर चालू-बंद करून वेग बदलणाऱ्या) कंट्रोलरचा तर स्वतंत्र पंचनामा करावा लागेल. दिशा बदलण्यासाठी तो आउटपुटच्या दोन्ही तारांची अदलाबदल करतो. असे दोन कंट्रोलर एकाच अडॅप्टरवर चालवायचे आणि रुळांची एक बाजू समाईक ठेवायची, हा उद्योग सर्रास चालतो. दोन्ही गाड्या एकाच दिशेला असेपर्यंत आनंदीआनंद. एकीची दिशा बदलली की समाईक रूळ एका कंट्रोलरकडून धनाला आणि दुसऱ्याकडून ऋणाला जोडला जातो. थेट अडॅप्टरचाच शॉर्ट! उपाय सरळ आहे, प्रत्येक कंट्रोलरला स्वतंत्र, एकमेकांपासून विलग अडॅप्टर. पण ही ओळ माहितीपत्रकात शोधून दाखवा.

शिवाय त्या पीडब्ल्यूएमची फ्रीक्वेन्सीही लिहीत नाहीत. १०० हर्ट्झच्या आसपास असेल तर साधी मोटर गुणगुणते, पण सावकाश छान सरकते. कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर मात्र त्यावर तापून मरते. तिला १६-२० किलोहर्ट्झच्या वरचं किंवा सपाट डीसी लागतं. 'सर्व इंजिनांसाठी योग्य', नाही का?

डीसीसीकडे (रुळातूनच डिजिटल आज्ञा पाठवायच्या आणि इंजिनातल्या डिकोडर चिपने त्या पाळायच्या, या पद्धतीकडे) वळलं तर तिथे प्लगचा गोंधळ. ५.५ बाय २.१ आणि ५.५ बाय २.५ मिलिमीटर हे दोन बॅरल प्लग दिसायला सारखेच. चुकीचा घातला की एकतर जात नाही किंवा सैल बसून मध्येच सुटतो, आणि मग डिकोडरला शिव्या. काही कमांड स्टेशनं (आज्ञा पाठवणारे डीसीसीचे मुख्य डबे) अडॅप्टरचं व्होल्टेज जवळपास जसंच्या तसं रुळावर सोडतात, काही आत नियंत्रित करतात. तुमचं कुठलं ते आधी बघा, कारण एचओला रुळावर १४-१५ व्होल्ट ठीक आहेत आणि एनला १२-१४. आर्डुइनोवर (छोट्या प्रोग्रामेबल बोर्डावर) स्वतः स्टेशन बांधणाऱ्यांनी त्यावर बसणाऱ्या मोटर शील्डचा 'व्ही-इन' जोड आधी कापावा, नाहीतर रुळाचे १४-१५ व्होल्ट बोर्डाच्या रेग्युलेटरवर चढतात आणि तो तापतो. त्या शील्डवरची जुनी एल२९८ चिप सुमारे २ व्होल्ट स्वतःच खाते, तेही हिशेबात धरा.

आणि देवासाठी, डिकोडर नसलेलं इंजिन 'पत्ता शून्य' (अशा इंजिनासाठीची डीसीसीतली सोय) वापरून डीसीसी रुळावर उभं करू नका. उभ्या मोटरमध्ये करंट सतत मागेपुढे नाचतो, ती किणकिणते आणि तापते. कोअरलेस असेल तर संपलीच.

सांध्यांच्या सोलेनॉइड मोटरला (कॉइलच्या झटक्याने सांधा सरकवणारीला) तर रुळाच्या पुरवठ्यावर बसवूच नये. क्षणभरासाठी ती काही अँपिअर खेचते, व्होल्टेज कोसळतं आणि सांधा अर्धवट सरकतो. बटण दाबून धरलं तर कॉइल जळते. तिला वेगळा १६ व्होल्ट एसी, त्यावर कपॅसिटर डिस्चार्ज युनिट: ३५ व्होल्टचे २२०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, रेक्टिफायर आणि चार्जिंगचा करंट आवरणारा भाग. कपॅसिटर एकदा रिकामा झाला की बटण कितीही वेळ दाबा, कॉइलला काही होत नाही. इतकं साधं सर्किट सोलेनॉइडच्या पाकिटातच टाकायला हवं होतं, पण ते वेगळं विकतात, आणि सोलेनॉइडच्या माहितीपत्रकात त्याचा साधा उल्लेखही बहुतेकदा नसतो.