पोटावारी

दिवसाला चार ते सहा तास शेतावर मदत करायची, बदल्यात राहणं-जेवण फुकट, पैशांची देवाणघेवाण नाही. व्यवहार एवढाच. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीची नोकरी करणाऱ्या सू कोपार्ड यांनी शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर राबायला जायची टूम काढली. त्याचंच पुढे 'वूफ' (WWOOF) नावाचं, स्वयंसेवकांना सेंद्रिय शेतांशी जोडणारं जाळं झालं आणि जगभर पसरलं. बाई हुशार. फक्त शनिवार-रविवार म्हणाल्या. अंग खरं दुखायला लागतं ते सोमवारी, आणि तोवर माणूस ऑफिसच्या खुर्चीत परतलेला असतो. आम्ही शहाणे थेट मुक्कामालाच गेलो.

ऑफिसात नऊ-नऊ तास काढणाऱ्याला पाच तास म्हणजे हाफ डे वाटतो. पण त्या नऊ तासांत चहा, मीटिंग, मीटिंगनंतरचा चहा आणि 'आज सिस्टिम स्लो आहे' हे सगळं धरलेलं असतं. शेतावर स्लो असतं ते गाजर. ते उगवायलाच दोन-तीन आठवडे घेतं आणि तोवर तण त्याच्या डोक्यावरून गेलेलं असतं. मग गुडघे टेकून, ती नाजूक रोपं एका हाताच्या बोटांनी सांभाळत, दुसऱ्या हातातल्या खुरप्यानं तण काढायचं. तेही मुळासकट, अर्धवट तुटलं की ते हसत परत येतं. अर्धा तास खपून मागे पाहावं तर आपण वाफ्याच्या सुरुवातीलाच. पुढे पाहू नये.

गंमत म्हणजे पहिल्या दिवशी काहीच दुखत नाही. उलट आपल्या अंगात मूळचाच शेतकरी होता, असा साक्षात्कार होतो आणि मातीनं भरलेल्या हातांचा फोटो घरच्यांना जातो. सवय नसलेल्या श्रमांनी स्नायू दुखतात ते उशिरा. दुखणं शिगेला पोचायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणजे फोटोखाली कौतुक जमा होईपर्यंत. त्या सकाळी मी कॉटच्या कडेला बसून मोजा घालायला घेतला. हात पायापर्यंत जाईना, पाय हाताकडे येईना. दोन्ही पक्ष आपापल्या भूमिकेवर ठाम. शेवटी मोजा जमिनीवर पसरला आणि त्यात पाऊल सरकवून पाहिलं. जिना कठडा धरून पाठमोरा उतरलो. खाली बसलेला कुत्रा उठून बाजूला झाला.

यावर झोप हा उपाय, पण तिथे कोंबडा होता. तो उजाडलं म्हणून आरवतो, तेव्हा खुराड्याच्या फटी बुजवल्या तर निभावेल, असं मला वाटत होतं. पण जपानी संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलंय की त्याचं घड्याळ आतलंच असतं. सतत अंधूक उजेडात ठेवला तरी वेळ झाली की तो आरवतो. आमच्याकडचं घड्याळ पुढे होतं.

शेळीला सड दोनच, म्हणजे धार काढणं सोपं, हाही माझाच हिशेब. अंगठा आणि तर्जनीनं सड वरून बंद करायचा आणि मग एकेक बोट मिटत खाली यायचं. ओढायचं नाही. मालकीणबाईंच्या हातून धार सूं करत बादलीत. माझी धार मनगटावरून कोपराला आणि तिथून बाहीत. शेळीनं मान वळवून आपल्या त्या आडव्या बुबुळांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाण्यात लक्ष घातलं.

बोच लागते ती देण्याघेण्याची. माझे निम्मे तास मला शिकवण्यात जायचे आणि उरलेले मी केलेलं निस्तरण्यात. आणि भूक अशी की एकदा आग्रह झाला तरी संकोचणारा मी आता आपणहून पातेलं पुढे ओढतो. 'पैशांची देवाणघेवाण नाही' हे कलम माझ्याच रक्षणासाठी असावं. नाहीतर जाताना बिल हातात पडायचं.

मग संध्याकाळी खुराडं बंद करायचं काम माझ्याकडे आलं. दार उघडं राहिलं तर कोल्हा येतो, म्हणजे जबाबदारीचं काम. दोन दिवस मी छाती काढून हिंडलो. मग लक्षात आलं, अंधारायला लागलं की कोंबड्या आपल्या आपण आत जातात. मी फक्त मोजायच्या आणि कडी लावायची. तर त्या मोजताना जागा बदलतात.

"सगळ्या आल्या का?" मालकीणबाई स्वयंपाकघरातून विचारतात.

"सगळ्या!" मी ठणकावून सांगतो. काल दोन जास्तच भरल्या होत्या.