राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना : नाव घेऊन आणि काम घेऊन

रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी देवाकडे मागण्याच्या, प्रार्थनेची वेळ येते, तेव्हा एक गोष्ट मला बऱ्याच काळापासून खटकत आली आहे आणि ती आज सविस्तर लिहीत आहे. मंडळीतल्या आजाऱ्यांसाठी प्रार्थना करताना आपण त्यांचे नाव घेतो, ते कोणत्या रुग्णालयात आहेत ते सांगतो, शस्त्रक्रिया कधी आहे तेही सांगतो आणि डॉक्टरांच्या हाताला यश मागतो. दहावी-बारावीच्या मुलांसाठी, नोकरीच्या शोधात असलेल्यांसाठी, सासरी गेलेल्या लेकींसाठीही आपण असेच तपशिलाने मागतो. त्यानंतर मात्र ‘आमच्या देशाच्या पुढाऱ्यांना सुबुद्धी दे’ एवढे एकच वाक्य येते आणि लगेच प्रभूची प्रार्थना सुरू होते. ज्यांच्या एका सहीने लाखो घरांचे बरेवाईट होते, त्यांच्यासाठी आपल्याकडे एक वाक्य आहे, आणि तेही कोणत्याही देशात, कोणत्याही साली चालून जाईल असे.

प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या, नव्या करारातल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे कर्तव्य ‘सर्वांत प्रथम’ म्हणून सांगितले आहे. सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थी आणि उपकारस्तुती करावी, राजांसाठी व सर्व अधिकाऱ्यांसाठीही करावी, म्हणजे आपल्याला शांततेने आणि भक्तीने जगता येईल, असा त्याचा आशय आहे. तीमथ्य तेव्हा इफिस येथील मंडळी सांभाळत होता आणि परंपरेने हे पत्र ज्या काळातले मानले जाते, त्या काळात रोमच्या गादीवर नीरो होता. इ.स. ६४ मध्ये रोम जळाले, तेव्हा त्याने आगीचा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवून त्यांचे अतोनात हाल केले. तेव्हा चांगला राज्यकर्ता आला की त्याच्यासाठी प्रार्थना करू आणि वाईट आला की थांबवू, ही सवलत या वचनात मुळातच नाही.

काही सुशिक्षित ख्रिस्ती मित्र यावर असे म्हणतात की राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करणे ही इंग्रजी अमदानीतली सवय आहे. त्यांच्या म्हणण्यामागे कारण आहे. अँग्लिकन प्रार्थना-पुस्तकात इंग्लंडच्या राजासाठी प्रार्थना होती आणि छावण्यांच्या आसपासच्या चर्चमधून ती नेमाने म्हटली जात असे. देश स्वतंत्र झाल्यावर राजाच्या जागी राष्ट्रपती आले. परंतु ही रीत इंग्रजांहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. ते रोमच्या मंडळीचा पुढारी क्लेमेंट याचे मानले जाते. त्याच्या शेवटच्या भागात राज्यकर्त्यांसाठी मोठी प्रार्थना असून, त्यांना आरोग्य, शांती, एकोपा आणि स्थैर्य लाभावे आणि त्यांनी देवाने दिलेला अधिकार सौम्यतेने वापरावा, असे तिच्यात मागितले आहे. पुढे इ.स. १९७ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने लिहिले की आम्ही सम्राटासाठी दीर्घायुष्य, निर्धोक राज्य, सुरक्षित घर, शूर सैन्य आणि विश्वासू सिनेट मागतो. याच ख्रिस्ती लोकांनी सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप जाळायला मात्र साफ नकार दिला होता आणि त्यासाठी मरण पत्करले होते. सम्राटासाठी मागायचे, पण सम्राटाकडे मागायचे नाही, असा त्यांचा रोख होता. मला या साऱ्या विषयात ही रेघ सर्वांत मोलाची वाटते, कारण ती पुसली गेली की प्रार्थनेची खुशामत व्हायला वेळ लागत नाही.

या रेघेवर उभा राहिलेला माणूस जुन्या करारात पाहायचा असेल, तर शमुवेल संदेष्ट्याकडे पाहावे. लोकांनी राजा मागितला तेव्हा शमुवेलाला ती मागणी अजिबात पसंत नव्हती; राजा तुमची मुले सैन्यात घेईल, तुमच्या शेतांचे आणि द्राक्षमळ्यांचे उत्पन्न घेईल, असे त्याने स्पष्ट सांगितले होते. तरीही राजा नेमला गेल्यावर तो लोकांना म्हणाला की तुमच्यासाठी प्रार्थना करण्याचे मी सोडून दिले, तर तो परमेश्वराविरुद्ध माझ्याकडून झालेला अपराध ठरेल. पुढे शौल राजा आज्ञा मोडून वागला, त्या वेळी शमुवेल संतापला आणि रात्रभर परमेश्वराचा धावा करत राहिला. दिवस उजाडताच तो उठून शौलाला भेटायला गेला आणि यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे, हे त्याला तोंडावर सुनावले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातला हा भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो. रात्रभर त्याच माणसासाठी रडल्यावर सकाळी बोललेल्या शब्दांत जी धार असते, ती नुसत्या रागातून येत नाही. आज आपल्यात दोन तट पडलेले दिसतात. काहींना नेत्यांसाठी प्रार्थना करणे पुरेसे वाटते आणि अन्यायाबद्दल बोलणे म्हणजे राजकारण वाटते. काही जण समाजमाध्यमांवर नेत्यांना रात्रंदिवस बोल लावतात आणि त्यांच्यासाठी गुडघे टेकणे त्यांना कमीपणाचे वाटते. शमुवेलाने ही दोन्ही कामे एकाच रात्री आणि एकाच सकाळी केली.

नागपूरसारख्या शहरात राहून राज्यकर्ते दूर आहेत असे म्हणण्याची सोयही आपल्याला नाही. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरावे असे ठरले आणि त्यामुळे डिसेंबर आला की सारे मंत्रिमंडळ आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये उतरते. सदरमधील ऑल सेंट्स कॅथेड्रल, जिथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा ख्रिस्ती पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, किंवा त्याच भागातले सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल, येथून विधान भवन फार लांब नाही. त्या दिवसांत रस्त्यांवर कठडे लागतात, वाहतूक वळवली जाते आणि आपण सारे ‘अधिवेशन कधी संपते’ म्हणून वैतागतो. त्याच वेळी यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात. त्यांत अंगणवाडी सेविका असतात, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक असतात, धरणग्रस्त असतात, कापसाला आणि सोयाबीनला भाव मागणारे शेतकरी असतात. पोलीस त्यांना ठरलेल्या जागी अडवतात आणि मग कोणी मंत्री येऊन निवेदन स्वीकारतो का, याची वाट पाहत ती माणसे रस्त्यावर बसून राहतात. आपल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत अधिवेशनाच्या काळात या सर्वांचा उल्लेख मला क्वचितच ऐकायला मिळाला आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ हा दिवस नागपूरकर विसरू शकत नाहीत. अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन गोवारी समाजाचा मोर्चा विधान भवनाकडे निघाला होता, तो अडवण्यात आला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे गेली. त्यांत बायका आणि मुले मोठ्या संख्येने होती. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला आज गोवारी शहिदांचे नाव आहे आणि आपल्यापैकी कित्येकांची वाहने रोज त्यावरून जातात. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना म्हणजे नेमके काय मागायचे, असा प्रश्न मला कोणी केला, तर मी या दिवसाकडे बोट दाखवतो. बाहेर हजारो माणसे ताटकळत असताना आतल्या माणसाला उठून त्यांच्याकडे जाण्याची बुद्धी व्हावी, बंदोबस्तावरच्या अधिकाऱ्याने योग्य क्षणी योग्य हुकूम द्यावा, हाती लाठी असलेल्या शिपायाचा तोल सुटू नये, हे मागायचे. या गोष्टी मोघम ‘सुबुद्धी’त मावत नाहीत. पवित्र शास्त्रातले ७२ वे स्तोत्र राजासाठीची प्रार्थना आहे आणि तिची सुरुवातच राजाला न्याय दे अशी आहे. दीनांचा न्याय व्हावा, दरिद्र्यांच्या मुलांचे तारण व्हावे, जुलूम करणाऱ्याचा चुराडा व्हावा, असे त्यात ओळीमागून ओळ येत राहते. राजासाठी केलेल्या प्रार्थनेत दरिद्री माणूस इतक्या वेळा येतो, याचा अर्थ उघड आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जे शासन आपल्याकडे संशयाने पाहते, ज्याच्या काळात कुठे प्रार्थनासभा बंद पाडली जाते तर कुठे पाळकाला पोलीस ठाण्यात नेऊन बसवले जाते, त्याच्यासाठी प्रार्थना कशी करावी? हा आक्षेप मी हलका मानत नाही; ज्यांच्यावर प्रसंग येतो त्यांचे दुःख खरे आहे. संशयाचा अनुभव या शहराला नवाही नाही. नागपूर तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५४ साली शासनाने ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९५६ साली आलेला तिचा अहवाल आपल्या समाजाला जिव्हारी लागणारा होता. परंतु यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहूदी बंदिवानांना काय लिहून पाठवले ते आठवावे. ज्यांनी त्यांचे घरदार हिरावले, त्याच नगराचे कल्याण पाहा आणि त्यासाठी परमेश्वराला विनवा, कारण त्याच्या कल्याणात तुमचे कल्याण आहे, असे त्याने सांगितले. आपण तर बाबेलात नाही. आपण आपल्याच देशात, आपल्याच गावात आहोत. ज्या संविधान सभेने २५ व्या अनुच्छेदात प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य दिले, तिचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे बंगालचे ख्रिस्ती होते आणि राजकुमारी अमृत कौर तिच्या सदस्य होत्या. तेव्हा अन्याय झाला तर न्यायालयात जावे, निवेदन द्यावे, सनदशीर मार्गाने रस्त्यावरही उतरावे; पौलानेही रोमी नागरिक म्हणून कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली होती. प्रार्थना मात्र थांबवू नये. अधिकार वरून दिलेला असतो, हे प्रभू येशूने रोमी सुभेदार पिलाताला सांगितले ते त्याच्याच न्यायसभेत आरोपी म्हणून उभे असताना, आणि ज्याला हे सांगितले जाते त्याला एक दिवस त्या अधिकाराचा हिशेब द्यावा लागणार असतो.

निवडणुकीच्या दिवसांबद्दलही लिहायला हवे. उमेदवार चर्चमध्ये येतात, त्यांना पुढे बसवले जाते, कधी व्यासपीठावर बोलावून त्यांच्यावर हात ठेवून आशीर्वाद मागितला जातो आणि त्याचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरते. हे बंद व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे. आलेल्या माणसासाठी अवश्य प्रार्थना करावी, पण त्याच श्वासात त्याच्या विरोधात उभ्या असलेल्यांचीही नावे घ्यावीत, आणि सगळ्यांसाठी सारखेच मागावे. हे ज्याला चालत नाही, त्याला प्रार्थना नको आहे, मते हवी आहेत.

आमच्या मंडळीत एक निवृत्त परिचारिका आहेत, सगळे त्यांना मावशी म्हणतात. नवे मंत्रिमंडळ आले की वर्तमानपत्रात खातेवाटपाचा तक्ता येतो. मावशी तो कात्रीने कापून पवित्र शास्त्रात ठेवतात. खातेबदल झाला की जुने नाव पेन्सिलने खोडून शेजारी नवे लिहितात. सार्वजनिक आरोग्य खात्यावर त्यांचा विशेष भर असतो, कारण सरकारी रुग्णालयात औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानाकडे जाणारे नातेवाईक त्यांनी आयुष्यभर पाहिले. एकदा तरुण संघातल्या एका मुलाने त्यांना विचारले, “मावशी, तुम्ही ज्यांना मत दिलं नाही, त्यांच्यासाठीसुद्धा?” त्या म्हणाल्या, “अरे बाळा, वॉर्डात पेशंट आला की मी त्याला विचारत होते का, तू कोणाचा म्हणून?” एवढे बोलून त्या पुन्हा तक्त्याकडे वळल्या. त्या तक्त्याखाली त्यांच्या अक्षरात जिल्हाधिकारी, पोलीस आयुक्त, महापालिका आयुक्त आणि त्यांच्या प्रभागातले नगरसेवक अशी आणखी एक यादी आहे. पौलाने ‘सर्व अधिकाऱ्यांसाठी’ असे लिहिले ते त्यांनी शब्दशः घेतले आहे. मुंबई-दिल्लीच्या नावांपेक्षा या यादीतली माणसे आपल्या नळाच्या पाण्याशी, रस्त्यावरच्या दिव्यांशी आणि रात्री-अपरात्री घरी परतणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेशी जास्त जवळून बांधलेली आहेत.

असे नाव आणि काम घेऊन प्रार्थना करायची म्हटली की आधी माहिती घ्यावी लागते. कोणते विधेयक येत आहे, धानाच्या बोनसबद्दल काय ठरले, शिष्यवृत्ती कुठे अडकली आहे, हे वाचावे लागते. ज्या माणसाचे नाव आपण रोज देवापुढे घेतो, त्याच्याविषयी खोटी बातमी पुढे पाठवताना हात थांबतो. आणि त्याने वचन दिलेले काम केले नाही, तर ते आपल्या लक्षातही राहते. नेता बदलेल की नाही हे देवाच्या हाती आहे. शौल शेवटपर्यंत बदलला नाही, तरी शमुवेल त्याच्यासाठी शोक करत राहिला.

म्हणून माझी आमच्या पाळकसाहेबांना आणि पाळक समितीला विनंती आहे, आणि शहरातल्या इतर मंडळ्यांतल्या मित्रांनाही, की यंदाच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात प्रत्येक रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाच मिनिटे राज्यकारभारासाठी वेगळी काढावीत. सत्ताधारी आणि विरोधी, दोन्ही बाकांवरच्या आपल्या आमदारांची नावे घ्यावीत, त्या आठवड्यात सभागृहात काय येणार आहे ते एका वाक्यात सांगावे, मोर्चे कोणाचे आहेत ते सांगावे आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांनाही विसरू नये. महिला मंडळाने आणि घरोघरच्या प्रार्थना-गटांनी एकेक खाते वाटून घ्यावे. आरोग्य मावशींकडे आहेच. माझ्या गटाने कृषी आणि मदत व पुनर्वसन ही खाती घेतली आहेत. शालेय शिक्षण, आदिवासी विकास आणि गृह अजून कोणी घेतलेले नाही, ज्यांना घ्यायचे असेल त्यांनी येत्या रविवारी उपासना सुटल्यावर मला भेटावे.