मालकाचं उत्तर: ‘चार आठवडे सांगितले, अकरा लावले’

नमस्कार साहेब. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. जर्मनीला जाणाऱ्या ड्रिलिंग एसपीएमच्या (एकाच कामासाठी बनवलेल्या खास मशीनच्या) सीई कामाला, म्हणजे युरोपात विकायला लागणाऱ्या सुरक्षेच्या खुणेच्या कामाला, आम्ही चार आठवडे सांगून अकरा लावले, फोन उचलले नाहीत, जादा पैसे घेतले आणि ‘हेच सर्टिफिकेट दुसरीकडे पंधरा हजारांत, तीन दिवसांत मिळतं’, असं तुम्ही लिहिलंय. डिस्पॅच लांबला आणि खरेदीदारापुढे तुम्हाला खाली बघावं लागलं, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. फोनचंही बरोबर आहे, मशीनवर चाचणी चालू असली की फोन बाजूलाच राहतो.

आठवड्यांचा हिशेब मात्र पुरता मांडणं भाग आहे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आम्हाला काम मिळतं ते एकाने दुसऱ्याला सांगून, आणि हा रिव्ह्यू ते सगळेच वाचणार.

कोटेशनमध्ये ‘चार आठवडे’च्या पुढे ‘मशीन व पॅनेल ड्रॉइंगप्रमाणे तयार झाल्यापासून’ असं छापलंय. तुमच्याकडून आलेलं सर्किट ड्रॉइंग आधीच्या मशीनचं होतं. त्यात ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) नव्हता, पॅनेलमध्ये होता. अर्थिंगला नुसती हिरवी वायर होती, ईएन ६०२०४-१ या मशीनच्या वायरिंगच्या युरोपियन मानकाप्रमाणे ती हिरवी-पिवळीच लागते. मेन स्विचला कुलूप घालायची सोय नव्हती. ही कामं किरकोळ, पण ऐन गणपतीत तुमचा पॅनेलवाला खानापूरकडे गावी गेलेला. ते दिवसही आमच्याच नावावर पडले.

खरा वेळ खाल्ला तो इमर्जन्सी स्टॉपने. लाल बटण पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) एका साध्या इनपुटला जोडलेलं होतं. आपल्याकडे सर्रास असंच करतात. बटण दाबलं की मशीन थांबतं, त्यामुळे वायरमनलाही त्यात काही वावगं वाटत नाही. पण तीच वायर कुठे घासून २४ व्होल्टला शॉर्ट झाली, तर बटण दाबूनही स्पिंडल फिरत राहणार. ईएन आयएसओ १३८५० हे मानक इमर्जन्सी स्टॉपला किमान पीएल ‘सी’ (सुरक्षा-सर्किटच्या भरवशाची पातळी) मागतं आणि साध्या पीएलसीवर ते सिद्ध करता येत नाही. म्हणून दोन एनसी (दाबल्यावर उघडणाऱ्या) कॉन्टॅक्टचं बटण, त्यावर लक्ष ठेवणारा सेफ्टी रिले, स्पिंडलच्या सप्लायला एकापुढे एक असे दोन कॉन्टॅक्टर (वीज तोडणारे मोठे स्विच) आणि त्यातला एखादा चिकटला तर कळावं म्हणून त्यांचे मिरर कॉन्टॅक्ट रिलेच्या फीडबॅकला, अशी यादी आम्ही पहिल्याच तपासणीत लिहून दिली होती. त्यावर तुमचं उत्तर होतं, ‘धोक्याचं स्टिकर लावून भागतंय का बघा.’ नाही भागत. धोका कमी करण्याच्या ईएन आयएसओ १२१०० या मानकात क्रम ठरलेला आहे: आधी डिझाइनमध्ये धोका काढायचा, मग गार्ड घालायचं, त्यानंतरही जो धोका उरेल त्याच्यासाठी स्टिकर.

रिले बसल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. बटण दाबलं की हवेवर चालणाऱ्या क्लॅम्पच्या सिंगल सोलेनॉइड (विजेवर उघडणाऱ्या) व्हॉल्व्हचीही वीज जायची, स्प्रिंगने तो मागे यायचा आणि जॉब (ड्रिल करायचा तुकडा) सुटायचा. स्पिंडल तेव्हा अजून फिरत असायचा! माणूस वाचावा म्हणून दाबलेल्या बटणानेच जॉब त्याच्या अंगावर यायचा. वीज गेली तरी जागेवर राहणारा डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह घातला आणि सिलिंडरच्या पोर्टलाच हवा आत अडवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह लावला, तेव्हा हवा गेली तरी पकड राहू लागली. ड्रॉइंग बघून हे कळत नाही, मशीन चालवून बटण दाबावं लागतं.

मशीनच्या दाराचंही तेच. दार बंद आहे का ते सांगणारा रोलरचा लिमिट स्विच केबल टायने बांधला की दार उघडं टाकून मशीन चालतं. स्पिंडल पुरता थांबायला चार सेकंद, आणि दारापासून ड्रिलपर्यंत हात जायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. तिथे स्पिंडल थांबेपर्यंत दार लॉक ठेवणारा आणि सहज फसवता न येणारा कोडेड स्विचच हवा.

पुण्याच्या लॅबमध्ये ईएमसी (विजेच्या उपकरणांच्या एकमेकांतल्या व्यत्ययाची) चाचणी पहिल्यांदा नापास झाली, हे तुम्ही आमच्या माथी मारलंय. कारण रिपोर्टमध्ये आहे. मोटरच्या केबलची शील्ड (वरची धातूची जाळी) पिळून एका स्क्रूला बांधलेली, आणि तो स्क्रूही पावडर कोटिंगवर. कोटिंग खरवडून पूर्ण शील्डवर क्लॅम्प बसवल्यावर त्याच लॅबमध्ये मशीन पास झालं. जादा पैसे म्हणता ते या दुसऱ्या चाचणीचे आणि जर्मन मॅन्युअलचे. दोन्ही कोटेशनमध्ये वेगळे दाखवले होते.

आता तीन दिवसांचं सर्टिफिकेट. तुमचं मशीन युरोपच्या मशीन-सुरक्षेच्या कायद्याच्या, म्हणजे मशिनरी डायरेक्टिव्ह २००६/४२ च्या, परिशिष्ट ४ मध्ये (जास्त धोक्याच्या मशीनांच्या यादीत) येत नाही, त्यामुळे त्याला तिसऱ्या कुणाचं सर्टिफिकेट लागतच नाही. लागतं ते तुमच्या स्वतःच्या सहीचं डिक्लरेशन (मशीन नियमात बसतं अशी लेखी हमी) आणि त्यामागे १० वर्षं सांभाळायची टेक्निकल फाईल. तिकडच्या तपासणी अधिकाऱ्याने रिस्क असेसमेंट आणि टेस्ट रिपोर्ट मागितले, तर सोनेरी शिक्क्याचा कागद काय उपयोगाचा? शिवाय ती फाईल तयार करण्याचा अधिकार दिलेल्या, युरोपियन युनियनमध्येच राहणाऱ्या व्यक्तीचं नाव-पत्ता डिक्लरेशनवर लागतं. बेळगावचा पत्ता तिथे चालत नाही. त्यासाठी नाव द्यायला तुमच्या खरेदीदाराने होकार कळवायला किती वेळ घेतला, ते मेल तुमच्याकडेही आहेत.

हे इथे काढणार नव्हतो, पण ‘अडवणूक करतात’ असंही लिहिलंय म्हणून सांगतो. मशीन नवं दिसावं म्हणून प्लेटवर पुढच्या वर्षाचं साल घालायला आम्ही नकार दिला. सीईच्या प्लेटवर उत्पादनाचं साल पुढे-मागे करायला कायद्याने बंदी आहे. याला अडवणूक म्हणत असाल तर हो, अडवलं.

यापुढे पॅनेलची तपासणी यादी कोटेशनबरोबरच देऊ, म्हणजे ऑर्डरआधीच सगळं समोर असेल. फोनचंही काहीतरी बघतोय.

तुमचं दुसरं मशीन २० जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर तिकडच्या बाजारात जाणार असेल, तर त्याला या डायरेक्टिव्हच्या जागी येणारं नवं रेग्युलेशन २०२३/१२३० लागू होईल आणि डिक्लरेशन त्याप्रमाणे नव्याने करावं लागेल. त्या मशीनमध्ये ३ ऐवजी ५ एचपीची मोटर घालणार आहात असंही कळलं. बसवण्याआधी सांगा. ओव्हरलोड, केबल, स्पिंडल थांबायचा वेळ, सगळं परत मोजावं लागेल, आणि आठवडे धरायचे ते पॅनेल तयार झाल्यापासूनच.