साळिंदराचा काटा

गेल्या मे महिन्यात दापोलीजवळ मामाच्या बागेत मला साळिंदराचा काटा सापडला. सापडला म्हणजे, मी अनवाणी फिरत होतो. रात्री साळिंदरं सुरण उकरून गेली होती आणि खाल्ल्याची पावती ठेवावी तसा एक काटा मागे टाकून गेली होती. वीतभर लांब, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, टोकाला दाभण. मामा सुरणासाठी हळहळत होता. मी एका हातात तळवा आणि दुसऱ्या हातात काटा धरून ‘काय सुंदर आहे!’ म्हणत होतो. पुस्तकात खुणेला बरा, म्हणून पुण्याला घेऊन आलो. साडेसाती तिथून सुरू झाली.

"साळूचा काटा घरात?" आत्या दारातच ओरडली. "अरे, भांडणं लागतात!"

आमच्या लग्नाला सतरा वर्षं झालीत. एवढ्या काळात आम्ही एकाही काट्याची मदत न घेता भांडत आलो आहोत. पण आता पलंगावरचा ओला टॉवेल, चालू राहिलेला गिझर, मेहुण्याने न फेडलेले उसने पैसे, सगळं त्या काट्याच्या नावावर जमा व्हायला लागलं. काट्याने काटा काढतात म्हणे. आमच्याकडे काट्याने काटा वाढत होता.

त्यातच चिरंजीवांना शाळेतून ‘काटेरी प्राणी’ हा प्रकल्प मिळाला. साळिंदर, हेजहॉग आणि ऑस्ट्रेलियातला इकिडना तो एकाच कुटुंबात बसवून मोकळा झाला. काटे सगळ्यांनाच आहेत, मग चुलतभाऊच ना! मी समजावलं की साळिंदर हे उंदराच्या गोतावळ्यातलं, हेजहॉग चिचुंद्रीच्या जवळचा, आणि इकिडना तर अंडी घालतो. काटे म्हणजे जाड झालेले केसच, नखं ज्या केरॅटिनची त्याचेच. ते ज्याने त्याने आपापले स्वतंत्र उगवले. (इथे मुलाने माझ्या डोक्याकडे पाहिलं. मी विषय बदलला.) हेजहॉग घाबरला की अंगाचा चेंडू करतो आणि त्याचे काटे सहसा सुटत नाहीत. साळिंदराचे मात्र चटकन सुटतात. अमेरिकेतलं साळिंदर झाडावर चढतं. त्याच्या अंगावर तीसेक हजार काटे आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक उलटे आकडे. रुतला की आतच सरकतो. आपल्याकडच्याला आकडे नाहीत, म्हणून माझा तळवा स्वयंपाकघरातल्या चिमट्यावर भागला.

"पण ते बाण मारतं ना?" शेजारच्या काकांनी विचारलं. त्यांच्यानंतर विचारणारे आणखी अकरा जण झाले. नाही हो, मारत नाही. आधी काटे फुलवतं, पाय आपटतं, शेपटीतले पोकळ काटे खुळखुळ्यासारखे वाजवतं आणि तरीही समोरचा हटला नाही तर पाठमोरं होऊन अंगावर येतं. रिव्हर्समध्ये. आमच्या पार्किंगमध्ये ही विद्या अनेकांना अवगत आहे.

शेवटी मी आत्यासमोर हुकमाचा पत्ता टाकला. "आत्या, साळिंदराची जोडी वर्षानुवर्षं एकत्र राहते. दोघं एकाच बिळात, पिल्लंही दोघं मिळून सांभाळतात. अंगावर एवढे काटे असून त्यांची भांडणं होत नाहीत, मग एका काट्याने आमची कशी होतील?"

"त्यांच्या बिळात आत्या नसते," बायको भांडी विसळता विसळता पुटपुटली.

पुटपुटली, पण आत्याचे कान शाबूत आहेत. काट्यामुळे झालेलं खरंखुरं भांडण ते एवढंच.

त्या रात्री मी काटा खिशात घालून खाली उतरलो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींच्या जास्वंदीच्या कुंडीत खोचून आलो. पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून तीन तास हाणामारीची भाषा चालली. तशी ती दरवर्षी चालते, पण यंदा मी मान खाली घालून बसलो होतो.

परवा आत्याचा फोन आला. आवाजात साखर.

"अरे, तो काटा टाकला नाहीस ना?"

पुतणीचं सीमंतोन्नयन, म्हणजे गरोदरपणातला संस्कार, करायचं ठरलंय आणि गुरुजी पडले जुन्या वळणाचे. त्यांच्या यादीत दर्भ आहे, उंबराच्या कच्च्या फळांचा घोस आहे आणि साळूचा काटाही आहे. गृह्यसूत्रांत, म्हणजे घरच्या संस्कारांच्या जुन्या ग्रंथांत, तसंच सांगितलंय, नवऱ्याने त्या काट्याने बायकोचा भांग काढायचा.

"आणि तीन ठिकाणी पांढरा हवा म्हणे," आत्या म्हणाली. "तुझा आहे का तीन ठिकाणी?"

आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. मी सेक्रेटरींच्या दारात उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात पट्टे मोजतोय. दोन मोजून झाले. तिसरा मातीत आहे. आतला दिवा लागलाय.