‘थोडी जास्त चालेल’ असं मी का लिहिलं : गणिताच्या सरांना उत्तर

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, सोबत दोन-तीन आजार असलेल्या मधुमेही माणसाची एचबीएवनसी, म्हणजे टक्क्यांत मोजलेली तीन महिन्यांची सरासरी साखर, साडेसात-आठ असली तरी चालते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना बेफिकिरी शिकवतोय. तुमच्या वडिलांचा पाय याच ‘चालतंय हो’पायी गुडघ्याखाली कापावा लागला. मी दाखले देतो त्या रुग्णांवरच्या संशोधन-चाचण्या सगळ्या गोऱ्यांच्या. आणि अर्धमेल्या अवस्थेत दवाखान्यात आलेल्या माणसांवर संशोधन करणं म्हणजे त्यांचे उंदीर करणं. अखेरीस तुम्ही स्वतःचं उदाहरण दिलंय. त्याकडे शेवटी येतो. खरं तर एवढं लांबलचक उत्तर त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

आधी माझी चूक. लेखातलं ‘साखर थोडी जास्त असली तरी चालते’ हे एकच वाक्य कुणीतरी कापून व्हॉट्सअॅपवर फिरवलं. गेल्या आठवड्यात पंचेचाळिशीचे एक गृहस्थ तेच मोबाईलवर दाखवत ओपीडीत आले. त्यांची एचबीएवनसी ९.४! कापणाऱ्याला दोष देऊन मला सुटता येणार नाही. कापता येईल असं वाक्य मीच लिहिलं. ‘कुणाला चालते’ हे त्याच वाक्यात यायला हवं होतं.

तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तुम्ही दिलाच नाहीत, तो मीच देतो. १९९३ साली अमेरिका-कॅनडातली डीसीसीटी ही चाचणी प्रसिद्ध झाली. टाईप वनचे, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही असे १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षांचा पाठपुरावा. ज्यांचे डोळे सुरुवातीला चांगले होते, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्यावर डोळ्याचा पडदा खराब होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी उतरला. १९९८ मध्ये ब्रिटनची यूकेपीडीएस आली. मधुमेह नुकताच निघालेले टाईप टूचे, म्हणजे बहुधा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहाचे रुग्ण, दहा वर्षं. एचबीएवनसी ७.९ ऐवजी ७.० राहिली तर डोळे-मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी. तेव्हा तरुण आणि मध्यमवयीन माणसाला ‘चालतंय’ म्हणणारा डॉक्टर चुकतोच. तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, त्यांच्या पायाबद्दल निवाडा देणारा मी कोण? पण असा पाय शेवटच्या सहा महिन्यांत जात नाही. आधी कित्येक वर्षं तळव्याची जाणीव मरत जाते, मग रक्तपुरवठा आटतो, मग एक दिवस चप्पल लागते आणि लागल्याचं कळतच नाही.

आता त्या दोन चाचण्यांतली वर्षं पाहा. साडेसहा. दहा. काटेकोर साखरेचा फायदा असा वर्षांनी पदरात पडतो. तोटा व्हायचा तर तो एका दुपारीसुद्धा होतो. डीसीसीटीतले रुग्ण १३ ते ३९ वयाचे, धडधाकट. तरीही काटेकोर गटात साखर एकदम खाली जाऊन दुसऱ्याच्या मदतीवाचून सावरता न येण्याचे प्रसंग जवळजवळ तिप्पट झाले. हेच वय पंचाहत्तर धरा.

दोन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. दुपारी अडीचच्या सुमाराला एका आजींना गाडीतून उचलूनच आत आणलं. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही, अंगावरचं लुगडं घामानं ओलंचिंब. मुलगा सांगत होता, ‘पॅरालिसिसचा झटका आलाय, सिटी स्कॅन कुठं होईल?’ सिस्टरांनी त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर ३१, म्हणजे साखर फारच खाली. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोजची शंभर मिलीची बाटली सुरू केली. बाटली संपता संपता आजींनी डोळे उघडले, उजव्याच हातानं पदर सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘सलाईननं उपास मोडतो का हो?’

सगळे हसले. सून रडतारडता हसली. सकाळी आजींनी गोळी नेमानं घेतली होती. साबुदाण्यानं पोट जड होतं म्हणून खाल्लं मात्र काहीच नव्हतं.

खरा पेच त्यानंतर सुरू झाला. आजी गप्पा मारायला लागल्या, साखर १६० दाखवायला लागली, आणि घरचे म्हणाले, ‘आता सोडा.’ मी सोडलं नाही. बिल वाढवायला ठेवताय, असंही ऐकून घेतलं. त्यांची गोळी ग्लिमेपिराईडची, रक्तातलं क्रिएटिनिन २.१, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. डेक्स्ट्रोजचा जोर तास-दोन तासांत ओसरतो. मूत्रपिंड मंदावलेल्या माणसात गोळी मात्र दिवसभर पिळत राहते. ग्लायबेनक्लामाईड या जुन्या गोळीचं तर विचारूच नका. संध्याकाळी सातला आजींची साखर पुन्हा ४८ झाली. तेव्हा त्या घरी देवापुढे बसलेल्या असत्या.

‘गोळी तीच, डोस तोच, दहा वर्षांत कधी काही झालं नाही,’ हे वाक्य मी कॅज्युअल्टीत इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू येतं. बरोबरच आहे, गोळी बदललेली नसते. बदललेला असतो माणूस. दात गेले, चारऐवजी दोन पोळ्यांवर आला, मूत्रपिंड थकलं. शरीरातलं इन्सुलिन निकालात काढण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. ते थकलं की तेवढ्याच डोसचा जोर वाढतो. मग एचबीएवनसी आपोआप ६.१ येते आणि घरात पेढे वाटतात.

आता गोऱ्यांच्या चाचण्या. अॅकॉर्ड ही चाचणी अमेरिका-कॅनडातली, हे खरं. टाईप टूचे १०,२५१ रुग्ण, सरासरी वय ६२, हृदयविकार झालेला किंवा व्हायचा धोका मोठा. निम्म्यांची एचबीएवनसी सहाच्या खाली आणायची, निम्म्यांची सात ते ७.९ मध्ये ठेवायची. साडेतीन वर्षांत पहिल्या गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये तो काटेकोर उपचार थांबवावा लागला. ते जास्तीचे मृत्यू साखर खाली गेल्यामुळेच झाले, असं सिद्ध झालेलं नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. पण डॉक्टरकडे धाव घ्यावी लागेल इतकी साखर उतरण्याचं प्रमाण पहिल्या गटात १०.५ टक्के होतं, दुसऱ्यात ३.५. त्याच वर्षी अॅडव्हान्स ही चाचणी आली. वीस देशांतले ११,१४० रुग्ण, त्यात भारतातलेही. तिथं एचबीएवनसी ६.५ पर्यंत सावकाश उतरवली, मृत्यू वाढले नाहीत आणि मूत्रपिंडाचा त्रास घटला. म्हणजे ‘काटेकोरपणा वाईट’ असाही सरसकट निष्कर्ष निघत नाही. कुणाची, किती, किती घाईनं, हे तीन प्रश्न उरतातच.

आणि साखर खाली जाण्याची एक वाट तर अस्सल आपल्याकडची आहे, तिला कुठल्याच गोऱ्याची साक्ष नको. आपल्या दुकानांत इन्सुलिनची बाटली बहुधा यू-४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनातली रिफिल यू-१०० ची. सिरिंजही दोन : लाल टोपणाची ४० ला, केशरी टोपणाची १०० ला. मुलगा शहरातून पेनाच्या रिफिली आणून देतो, पेन बिघडतं, आणि आजोबा जुन्या लाल टोपणाच्या सिरिंजनं रिफिलीतून ‘वीस’ ओढतात. सर, गणित तुमचं : वीसच्या खुणेपर्यंत अर्धा मिली; अर्ध्या मिलीत यू-१०० चे किती? पन्नास. अडीच पट डोस घेऊन आजोबा दुपारी झोपतात आणि घरचे म्हणतात, झोपू दे, दमलेत.

राहिला उंदरांचा मुद्दा. हा मला सगळ्यात झोंबला, कारण त्यात तथ्य आहे असं मला विशीत वाटायचं.

२००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या आयसीयूतून बातमी आली : साखर ८० ते ११० मध्ये ठेवली की शस्त्रक्रियेनंतरचे अत्यवस्थ रुग्ण जास्त जगतात. १,५४८ रुग्ण, आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर. जगभर ती पद्धत पसरली. मी शिकाऊ असताना आमच्या आयसीयूतही तासातासाला बोट टोचून इन्सुलिनचं ड्रिप वरखाली करायचो, आणि सर्व तऱ्हेच्या रुग्णांना. आकडा ११० च्या आत बसला की परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटायचं. रात्रपाळीच्या एक ज्येष्ठ सिस्टर कुरकुरायच्या, ‘डॉक्टर, पहाटे ह्यांची साखर उतरते, थोडी वर राहू द्या.’ मी त्यांना ल्यूव्हेनचा पेपर समजावून सांगायचो.

२००९ मध्ये नाइस-शुगर चाचणी आली. मुख्यतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडातल्या आयसीयूंतले सहा हजारांवर रुग्ण. काटेकोर गटातल्या ३,०१० पैकी ८२९ नव्वद दिवसांत दगावले. १८० पर्यंत चालवून घेतलेल्या ३,०१२ पैकी ७५१. साखर चाळिशीपर्यंत किंवा त्याखाली घसरणारे ६.८ टक्के, विरुद्ध ०.५. ल्यूव्हेनचा रुग्ण वेगळा, तिथली शिरेतून अन्न देण्याची पद्धत वेगळी, अशी कारणं पुढे चर्चेत आली. ती असू देत. पण या चाचणीतल्या रुग्णांच्या नातेवाइकांना विचारलं होतं, त्यांचा हिशेब ठेवला होता, त्यांच्यावर नजर ठेवणारी समिती होती. आमच्या वॉर्डातल्या रुग्णांवर मी तोच प्रयोग कुणाला न विचारता करत होतो. त्यातले किती गेले याची नोंद कुठंच नाही. उंदीर कोण होते, सर? त्या सिस्टर निवृत्त झाल्या. त्यांचं बरोबर होतं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्या बोलण्यातून मी उचललीय. ताप आला, उलट्या झाल्या, जेवण नाही म्हणून घरीच इन्सुलिन बंद करणारे, आणि मग कीटोअॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचून, धापा टाकत येणारे, यांच्यावर माझ्या लेखात एक ओळही नव्हती. आजारात साखर वाढते. टाईप वनवाल्यानं तर इन्सुलिन पूर्ण बंद कधीच करायचं नाही. त्यावर वेगळा लेख लिहितो.

आता तुमचं स्वतःचं उदाहरण. तुम्ही लिहिलंय : वय ७३, ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन (मधुमेहाचीच दुसरी गोळी) बावीस वर्षं चालू, रात्री आठला फक्त सूप, एचबीएवनसी ५.९, ‘तरी मी ठणठणीत आहे, पहाटे जरा घाम येऊन जाग येते आणि उशी ओली होते तेवढंच, ते वयोमानानुसार असेल.’

सर, तो घाम वयाचा असेलच असं धरून चालू नका. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल चालू असेल तर साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर फारशी जाणवत नाही, घाम तेवढा येतो. आज झोपताना ग्लुकोमीटर उशाशी ठेवा, तीनचा गजर लावा आणि बोट टोचा. सत्तरच्या खाली आली तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, वर आली की काहीतरी खा, आणि सकाळी गोळी घ्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. सत्तरच्या वर आली तरी हा घाम आणि हे ५.९ या आठवड्यात त्यांच्या कानावर घाला, आणि क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं तेही पाहा. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, माझ्या सांगण्यावरून तर नकोच. घरात कुणाला तरी गजराचं सांगून ठेवा.

पहाटेचा आकडा इथंच खाली लिहा.