बायपासचा खर्च विचारायला लाज कसली?

लग्नाचा हॉल ठरवताना आपण चार हॉल पालथे घालतो, केटररशी ताटामागे वीस-वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. पण घरातल्या माणसाची बायपास ठरली की 'खर्च किती येईल हो?' हे विचारताना आपला आवाज खाली जातो. शेजारी उभा असलेला कुणीतरी मावसभाऊ लगेच म्हणतो, "पैशांचं काय घेऊन बसलीस, आधी माणूस महत्त्वाचा." असं म्हणणारे बिलाच्या काउंटरवर सहसा दिसत नाहीत, हा माझा अनुभव.

मी ठाण्यात राहते, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, बायपास झाली तेव्हा कागदांचं सगळं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून सोसायटीत किंवा नात्यात कुणाची अँजिओग्राफी वाईट निघाली की फोन मला येतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याचा सल्ला इथे शोधू नका. पण एस्टिमेटचा कागद वाचता येतो, आणि माझं ठाम मत आहे की बायपासच्या वेळी पैशांचे प्रश्न न विचारणं घरच्यांना लाखांत पडतं.

विचारायला वेळ कुठे असतो, असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा असतो. अटॅक येऊन तातडीची अँजिओप्लास्टी करायची असेल तर भाव विचारत बसू नये, हे सांगायला नको. डावीकडच्या मुख्य रक्तवाहिनीतच मोठा ब्लॉक असेल किंवा छातीतलं दुखणं थांबतच नसेल, तर बायपासही लांबवता येत नाही. पण जिना चढताना दम लागतो म्हणून तपासायला गेले, अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉक निघाले आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यात ठरलं, असे पेशंट पुष्कळ असतात. सर्जनला सरळ विचारायचं, "डॉक्टर, किती दिवस थांबलं तर चालेल?" ते सांगतील तेवढे दिवस तुमचे. अँजिओग्राफीची सीडी मात्र त्याच दिवशी मागून घ्या. नुसत्या रिपोर्टवर दुसरा सर्जन मत देत नाही, त्याला ती फिल्म बघायची असते.

याच दिवसांत घरात 'त्यापेक्षा स्टेंट टाकून मोकळे होऊ' ही चर्चा सुरू होते. स्टेंट म्हणजे ब्लॉक झालेली रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आली. नंतर ती वाढली, पण पूर्वीची लूट थांबली हे खरं. तरी तीन-चार स्टेंट, बलून, कॅथलॅबचा, म्हणजे स्टेंट टाकतात त्या खोलीचा, चार्ज हे सगळं धरलं की आकडा बायपासच्या जवळ जाऊन बसतो. शिवाय मधुमेह आणि अनेक रक्तवाहिन्यांत ब्लॉक असं दोन्ही असेल, तर पुढच्या काही वर्षांच्या हिशेबात बायपास उजवी ठरते, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रीडम चाचणीत दिसलं. तेव्हा स्वस्त पडेल म्हणून स्टेंट, हा हिशेब दोन्ही बाजूंनी कच्चा आहे. तो निर्णय डॉक्टरांचा.

आता पॅकेज. ठाणे, वाशी, नेरुळ इकडच्या खासगी हॉस्पिटलांची जी एस्टिमेट माझ्या हातात आली, ती अडीच-तीन लाखांपासून सहा लाखांच्या वरपर्यंत होती. ऑपरेशन तेच. पायातली शीर काढायची, छातीच्या आतली धमनी घ्यायची आणि ब्लॉकच्या पुढे जोडायची. फरक पडतो तो मुख्यतः रूमच्या वर्गाने. जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डीलक्स. रूमचं भाडं वाढतं हे समजू शकते, पण बऱ्याच ठिकाणी रूमचा वर्ग वाढला की सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, चार्ज हेही वाढतं. सर्जन तोच, टेबल तेच, टाके तेवढेच. याचं समर्थन मला आजवर कुणी पटेल असं करून दाखवलेलं नाही. गंमत म्हणजे ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन दिवस पेशंट आयसीयूतच असतो. त्या डीलक्स रूममधला सोफा आणि टीव्ही भेटायला येणारे पाहुणेच वापरतात.

अप्पांच्या वेळी मिळालेलं एस्टिमेट म्हणजे अर्ध्या ए-फोरचा प्रिंटआउट. वर ठळक अक्षरांत पॅकेजचा आकडा, खाली बारीक टायपात दोन ओळी: पॅकेजमध्ये काय धरलेलं नाही. खरं बिल त्या दोन ओळींत असतं. ऑपरेशनआधीच्या तपासण्या, म्हणजे इको, मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर, फुप्फुसांची टेस्ट. रक्ताच्या पिशव्या. बाहेरच्या तज्ज्ञाची व्हिजिट, म्हणजे किडनीवाले किंवा शुगरवाले डॉक्टर. ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त आयसीयू. महागडी अँटिबायोटिक. हृदयाला आधार देणारा बलून पंप लागला तर तो. यातलं प्रत्येक 'लागलं तर साधारण किती?' असं विचारून त्याच कागदावर पेनाने लिहून घ्यायचं. समोरची मुलगी कंटाळेल, कंटाळू दे.

एक खर्च तर कुणाच्या ध्यानीमनी नसतो. अटॅकच्या संशयाने ॲडमिट झालेल्या पेशंटला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा मोठा डोस दिलेला असतो. क्लोपिडोग्रेलसारखी गोळी चालू असेल तर तिचा असर उतरेपर्यंत, साधारण पाच दिवस, बायपास पुढे ढकलतात, नाहीतर रक्तस्राव आवरत नाही. हे पाच दिवस पेशंट बेडवर असतो आणि मीटर चालू असतं. हे दिवस पॅकेजमध्ये की बाहेर? प्रकृती स्थिर असेल तर घरी सोडून पुन्हा बोलावता येईल का? निदान स्वस्त वॉर्डात ठेवता येईल का? उत्तर 'नाही' असू शकतं. पण विचारल्याशिवाय कुणी आपण होऊन सांगत नाही.

इन्शुरन्स आहे म्हणून निश्चिंत असलेल्यांनी पॉलिसीतली रूम रेंटची ओळ आजच शोधा. पाच लाखांची जुनी पॉलिसी, रूमची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये, असं धरा. तुम्ही ८,००० ची रूम घेतली. पाच दिवसांचे वरचे १५,००० खिशातून देऊ, एवढाच हिशेब आपण करतो. पण कंपनी डॉक्टरांच्या फी, ओटी वगैरे रकमाही त्याच प्रमाणात कापते. ते चार्ज दोन लाख असतील तर ती सव्वा लाखच मान्य करते. ७५,००० तिथे गेले. भाड्याचे १५,००० धरून झाले ९०,०००. औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयू यांवर अशी कात्री चालवू नये असा आयआरडीएआयचा, म्हणजे विमा नियामकाचा, नियम आहे. म्हणून पॅकेजच्या एका गोल आकड्यावर गप्प बसू नका, ब्रेकअप, म्हणजे बाबवार हिशेब, मागा. ब्रेकअप नसेल तर कात्री कुठे चालली हे कळतच नाही.

शिवाय ग्लोव्हज, छातीचा पट्टा, ते तीन बॉलवालं फुंकायचं यंत्र, असल्या वस्तूंची 'नॉन-पेएबल' यादी शेवटी आपल्याच माथी येते. डिस्चार्जच्या दिवशी टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेची, मंजुरी येईपर्यंत बिलिंगसमोरच्या खुर्च्यांवर जी तपश्चर्या करावी लागते, तिच्यावर २०२४ मध्ये आयआरडीएआयने तीन तासांची मर्यादा घातली. त्यापुढे उशीर झाला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते इन्शुरन्स कंपनीने भरायचे. हे तिथल्या खुर्चीवर बसून शांतपणे म्हणून बघा, हालचाल होते.

आता आपल्या मध्यमवर्गाच्या नाकाचा विषय. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हटलं की नौपाड्यातला, वाशीतला माणूस म्हणतो, "ती आपल्यासाठी नसते हो." असते. आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांसकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. आणि सत्तरीच्या पुढच्यांना तर ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्न कितीही असो. आधार हाताशी असलं की ॲपवरून निघतं. अडचण दुसरीकडे आहे. अप्पांचं नाव अजून गावच्या रेशनकार्डावर होतं आणि ते कार्ड चुलत दिरांच्या घरी, देवघराखालच्या पेटीत. कार्ड महाराष्ट्रातलं असलं म्हणजे झालं, पण ते हातात हवं. दुसरं म्हणजे मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. आधी पैसे भरले, मग योजनेतून परत मागू, हे चालत नाही. हॉस्पिटल योजनेत आहे आणि हृदयशस्त्रक्रियेसाठीही आहे ना, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, विचारा किंवा १५५३८८ वर फोन करा. रिसेप्शनवरच्या 'नाही बहुतेक'वर जाऊ नका.

धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. आपल्याकडच्या चकाचक काचेच्या इमारतींपैकी काही ट्रस्टच्याच आहेत, पाटी नीट वाचा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मात्र लागतो. केईएम आणि जेजेमध्येही बायपास होते. वेटिंग असतं, गर्दी असते, पण वेळ असलेल्या पेशंटने ठाण्याहून लोकलने परळला जाऊन एकदा विचारून यायला काय हरकत आहे? आणि तो 'खारघरला हार्टचं ऑपरेशन फुकट' हा फॉरवर्ड कृपया थांबवा. तिथलं सत्य साई संजीवनी जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांसाठी आहे. साठीच्या काकांना घेऊन तिथे गेलेले लोक मला माहीत आहेत.

ज्यांच्या घरी अजून काही झालेलं नाही, त्यांनी पॉलिसी पन्नाशीची वाट न बघता घ्यावी. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, आणि फॉर्मवर शुगर, बीपी लपवलं तर क्लेमच्या वेळी नेमकं तेच बाहेर निघतं. एजंट 'लिहू नका हो' म्हणाला तर एजंट बदला. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटीही नाही, तेवढं एक कारण कमी झालं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते डिस्चार्जनंतरच्या खर्चाबद्दल. आमच्या ओळखीतला एक माथाडी, वाशीच्या एपीएमसीत पोती उचलणारा. ऑपरेशन योजनेत झालं, एक पैसा गेला नाही. पण कापलेलं छातीचं हाड जुळायला दोन-तीन महिने जातात, तोवर जड उचलायचं नाही. म्हणजे तेवढे महिने मजुरी शून्य, आणि बायकोही त्याच्यापाशी बसल्याने तिची धुण्याभांड्याची दोन कामं सुटलेली. रिक्षावाला, फळवाला, ट्यूशन घेणारा, सगळ्यांची तीच गत. हा आकडा कुठल्याच एस्टिमेटवर नसतो, म्हणून त्याची तजवीज आधी करायची. गोळ्या कायमच्या असतात. डॉक्टरांना विचारून त्यातल्या जनऔषधी केंद्रात मिळतात त्या तिथून घेतल्या, तर दर महिन्याला फरक जाणवतो. फॉलोअपच्या तपासण्या आणि औषधांची बिलं टाकून देऊ नका, बहुतेक पॉलिसींत डिस्चार्जनंतरचे साठ दिवस धरलेले असतात.

ठाणे-नवी मुंबईत कुणाच्या घरी अलीकडे बायपास झाली असेल, तर कमेंटमध्ये फक्त तीन गोष्टी लिहा: रूमचा वर्ग, आधी सांगितलेलं पॅकेज, शेवटचं बिल. हॉस्पिटलचं नाव नको, भांडणं नकोत. पुढच्या वेळी कुणाचा फोन आला की माझ्याकडे सांगायला चार आकडे जास्त असतील.