लॅबची जुनी प्रणाली बदलायला लागणाऱ्या वेळाबद्दल आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपला अभिप्राय बारकाईने वाचला. आपले म्हणणे असे की, लॅबचे सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे एका डेटाबेसमधील माहिती दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेणे, आणि एवढ्या कामासाठी आम्ही कित्येक महिने घेतले. जुनी व नवी प्रणाली एकाच वेळी चालवण्याच्या आग्रहामुळे टेक्निशियनना तेच काम दोनदा करावे लागते. ट्रोपोनिनचे (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचे) जुने निकाल नव्या आलेखात न येता केवळ पीडीएफ स्वरूपात दिसतात. आणि पेशींची मोजणी करताना हात माऊसकडे न्यावा लागतो. आपल्या कर्मचाऱ्यांवर पडलेला ताण खरा आहे आणि तो हलका करण्याबाबत मी शेवटी लिहिले आहे. पहिल्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही.

आपल्या जुन्या प्रणालीत निकालाचा आकडा एका तक्त्यात आणि रेफरन्स रेंज, म्हणजे तो आकडा ज्या नॉर्मल मर्यादांशी ताडून पाहायचा त्या, दुसऱ्या तक्त्यात राहते. रिपोर्ट उघडला की त्या क्षणी दोन्हींची जोडणी होते. नुसते आकडे उचलून नव्या प्रणालीत आणले असते, तर प्रत्येक जुन्या निकालाला आजची रेंज लागली असती. वाढत्या वयात हाडांच्या वाढीमुळे रक्तातील अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांत आणि यकृतातही तयार होणारे एन्झाइम) प्रौढांपेक्षा बरेच जास्त असते. तेराव्या वर्षी केलेल्या तपासणीचा तेव्हा नॉर्मल असलेला आकडा तोच रुग्ण मोठा झाल्यावर प्रौढांच्या रेंजसमोर मांडला गेला, तर त्यापुढे ‘हाय’ अशी खूण उमटेल आणि तो रिपोर्ट प्रथमच पाहणारा डॉक्टर यकृताचा विकार शोधू लागेल. म्हणून प्रत्येक जुन्या निकालासोबत त्या दिवशीची रेंज, त्या दिवशीचे युनिट आणि त्या वेळची तपासणीपद्धत बांधून आणावी लागते. ही माहिती एका जागी लिहून ठेवलेली नसते. काही कोडमध्ये, काही रिपोर्टच्या साच्यात, तर काही आपल्या ज्येष्ठ टेक्निशियनच्या स्मरणात असते. ईजीएफआरचे, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता अंदाजाने काढण्याचे, सूत्र असेच एका छपाईच्या साच्यात सापडले. त्यासाठी वापरले जाणारे सीकेडी-ईपीआयचे २००९ चे सूत्र आणि २०२१ चे सूत्र रक्तातील क्रिएटिनिनच्या एकाच आकड्यावरून वेगवेगळे उत्तर देतात. कोणते सूत्र केव्हापासून लागू झाले हे नोंदवले नाही, तर मूत्रपिंडाचे कार्य बदललेले नसतानाही ते बदलल्यासारखे दिसते.

ट्रोपोनिनचे निकाल आलेखात न जोडण्याचा निर्णय आम्ही जाणीवपूर्वक घेतला आहे. आपल्या लॅबने मधल्या काळात ट्रोपोनिनचे अगदी अल्प प्रमाणही मोजणारी हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणी सुरू केली. जुने निकाल नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहेत, नवे नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.०४ ला १००० ने गुणले की ४० येतात, तेव्हा गणित सोपेच आहे. पण तपासणी वेगळी, तिच्या निर्णयमर्यादा वेगळ्या, आणि ट्रोपोनिनच्या बाबतीत हृदयविकाराचे निदान बहुतांशी आकड्याच्या चढ-उतारावरच अवलंबून असते. दोन तपासण्यांचे आकडे एका रेषेने जोडणारा आलेख दिसायला सुबक असला, तरी तो डॉक्टरला रुग्णाच्या शरीरात न घडलेला बदल दाखवू शकतो. तो आलेख मी देणार नाही.

आता पॅरलल रनबद्दल, म्हणजे दोन्ही प्रणाली एकाच वेळी चालवण्याबद्दल. वैद्यकीय लॅबसाठीच्या आयएसओ १५१८९ या मानकानुसार, प्रणालीचे प्रमाणीकरण पुरवठादाराने करायचे असते आणि ती वापरात आणण्यापूर्वी तिचे काम लॅबने स्वतः पडताळायचे असते; पण मानक नसते तरी मी हाच आग्रह धरला असता. अ‍ॅनालायझरकडून, म्हणजे तपासणी करणाऱ्या यंत्राकडून, आकड्यासोबत चिन्हे आणि शेरेही येतात. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) ‘<०.०१’ असा आला आणि नव्या प्रणालीतील रकाना केवळ संख्या स्वीकारणारा असला, तर चिन्ह गळून ‘०.०१’ उरते, म्हणजे मोजता न आलेली गोष्ट मोजलेली म्हणून नोंदवली जाते. पोटॅशियम ६.२ आले आणि सॅम्पल हिमोलाइज झाल्याचा, म्हणजे त्यातील लाल पेशी फुटल्याचा, शेरा, जो संदेशात वेगळ्या ओळीत येतो, तो वाटेत हरवला, तर फुटलेल्या लाल पेशींमधून आलेले पोटॅशियम रुग्णाचे समजले जाईल आणि त्यावर उपचार सुरू होतील. अशा वेळी स्क्रीनवर कोणतीही चूक दिसत नाही, सॉफ्टवेअर बंद पडत नाही, रिपोर्ट वेळेवर छापला जातो. दोन्ही प्रणालींचे निकाल शेजारी ठेवून पाहणे हाच ते पकडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

तरीही हे काम आपल्या माणसांच्या जेवणाच्या सुटीतून व्हावे, असे मला मुळीच वाटत नाही. यंत्राकडून येणारे निकाल दोन्ही प्रणालींना आपोआप जातात. दुहेरी श्रम आहेत ते हाताने भरायच्या तपासण्यांचे, म्हणजे मूत्राची सूक्ष्मदर्शक तपासणी, कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि स्मिअर (काचेवर पसरलेला नमुना पाहणे) यांचे. आपल्या पॅथॉलॉजिस्टची संमती असेल तर या तपासण्यांसाठी सगळी सॅम्पल दोनदा भरण्याऐवजी निवडक सॅम्पल भरावीत, आणि त्यांत नॉर्मल निकालांपेक्षा अवघड व दुर्मिळ निकाल जास्त घ्यावेत. ती निवड करायला आमची व्यक्ती आपल्याकडे येईल.

पेशींच्या मोजणीबाबत आपण जे लिहिले आहे ते अगदी रास्त आहे. शंभर पेशी मोजणाऱ्याची नजर मायक्रोस्कोपमध्ये आणि बोटे कळांवर असतात. त्याला माऊस शोधायला लावणे म्हणजे मोजणी बिघडवणे. कीबोर्डवरून मोजण्याची खिडकी प्रणालीत उपलब्ध आहे. आपल्या हेमॅटॉलॉजी (रक्तपेशी तपासणी) विभागाने जुन्या कळांची यादी पाठवावी, म्हणजे न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट आणि इतर पेशींसाठी बोटांना सवय असलेल्या त्याच कळा ठेवता येतील.

पॅरलल रन संपल्यावरही जुनी प्रणाली केवळ वाचण्यापुरती चालू राहील आणि आपल्या लॅबच्या अभिलेख-धोरणाची मुदत संपेपर्यंत आम्ही ती बंद करणार नाही. दोन प्रणालींच्या निकालांतील तफावतींची विभागवार यादी आपल्या पॅथॉलॉजिस्टकडे आहे. रुग्णांचे निकाल तिच्यात असल्यामुळे तिच्याबद्दल येथे अधिक लिहिता येत नाही. ज्या विभागाच्या यादीवर त्यांची सही होईल, त्या विभागातील पॅरलल रन त्याच दिवशी थांबवला जाईल. बायोकेमिस्ट्रीची यादी सर्वांत लहान उरली आहे, म्हणून ती आधी घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
संचालक